दिवसा पट, रात्री नाटक

धान कापून, चुरून घरात आले आणि बांध्या मोकळ्या पडल्या की गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्याला पटाचे वेध लागतात. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीपट्टीत पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. दिवसा शेतात दोन जोड्या एकमेकींशी भिडतात आणि रात्री त्याच गावात नाटक रंगते. महाराष्ट्रात आज इतकी जोमदार ग्रामीण रंगभूमी दुसरी क्वचितच सापडेल, आणि तिला प्रेक्षक मिळवून देण्यात या बैलांच्या चढाओढीचा फार मोठा वाटा आहे.

हा मुलूख तलावांचा आणि धानाचा. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. तलाव बांधणे आणि त्याच्या पाण्यावर धान पिकवणे ही कोहळी समाजाची पिढ्यान् पिढ्यांची विद्या. चिखलणीपासून धानाचे भारे घरी आणण्यापर्यंत सगळी मदार बैलांवर असे. हंगाम संपला की बैल मोकळे, माणसे मोकळी, हातात थोडा पैसा आणि समोर सपाट पडलेली जमीन. पटाला लागणारी प्रत्येक गोष्ट शेतीनेच तयार करून ठेवलेली असे.

शर्यतीची रीत प्रांताप्रांतात वेगळी आहे. पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नरकडे गाडा घाटात एकेकटा सुटतो आणि त्याची लढत घड्याळाशी असते. विदर्भातही काही पट सेकंदांवर चालतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर महिलांनी जोड्या हाकण्यासाठीही नावाजलेला. झाडीपट्टीतल्या जुन्या पटाचा जीव मात्र जोडीविरुद्ध जोडीत आहे. शेजारी शेजारी आखलेल्या दोन सरळ वाटा, दोन हलके छकडे आणि छकड्यावर तोल सांभाळत उभा किंवा बसलेला, जोडी हाकणारा धुरकरी. सुटल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतचा खेळ काही सेकंदांत आटोपतो, पण त्यासाठी वर्षभर खुराक, मालिश आणि सराव चाललेला असतो. दोन्ही बैलांची चाल सारखी पडली तरच जोडी जमली म्हणायचे. एक जरा जास्त ओढू लागला की छकडा वाकडा जातो आणि हातातली शर्यत निसटते.

जोडीविरुद्ध जोडी असली की गोष्ट आपोआप तयार होते. घड्याळ हरले याचे कुणाला सुखदुःख नसते. शेजारच्या गावाची जोडी हरली, याची चर्चा पुढच्या पटापर्यंत पुरते. जगभरच्या खेळांत हेच दिसते. ५ जुलै १९८० रोजी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात ब्योर्न बोर्ग आणि जॉन मॅकेन्रो समोरासमोर आले. चौथ्या सेटचा टायब्रेक मॅकेन्रोने १८-१६ असा घेतला, पाचवा सेट बोर्गने ८-६ असा जिंकला आणि सलग पाचव्यांदा विजेतेपद मिळवले. पुढच्याच वर्षी मॅकेन्रोने त्याला तिथेच हरवले. त्या दोघांवर सिनेमा यायला २०१७ साल उजाडले. सामना झाला लंडनमध्ये, त्याचे नाट्य पडद्यावर आले सदतीस वर्षांनी.

झाडीपट्टीत खेळ आणि नाट्य यांच्यात अंतर असते ते फक्त एका संध्याकाळचे.

त्यामागचे कारण अगदी व्यवहारातले आहे. पटाला पंचक्रोशीतून माणसे येत. लेकी-जावई, सोयरेधायरे मुक्कामाला असत, मुलामुलींच्या सोयरिकीची बोलणी निघत. दिवाळीनंतर भाऊबीजेपासून गावोगावी भरणाऱ्या मंडईत, म्हणजे जत्रेतही, हेच घडे. थंडीच्या दिवसांत एवढ्या पाहुण्यांची रात्र कशी घालवायची? दंडार आणि खडीगंमत या लोककला तिथे होत्याच. त्यांच्याच अंगणात संगीत नाटक आले आणि रुजले. सुरुवातीला गावातलीच हौशी मंडळी तोंडाला रंग लावत आणि बायकांची कामेही पुरुषच करत. पुढे बाहेरून स्त्री कलावंत येऊ लागल्या. नंतर व्यावसायिक मंडळ्या निघाल्या आणि गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्यांचे मुख्य ठाणे बनले. आज गावातले मंडळ वडशाला जाऊन नाटक ठरवते. गोंदियाहून नागभीडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर अर्जुनी आणि वडसा ही दोन्ही स्थानके आहेत, त्यामुळे हा व्यवहार या तालुक्याच्या दारातलाच.

दिवाळी ते होळी हा या रंगभूमीचा हंगाम. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत नाटक चालते. ऑर्गन, तबला, गाणी, रडवणारे प्रसंग आणि मधेच पोट धरून हसवणारा विनोदी नट. त्या विनोदी नटाच्या भूमिकेतच गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांनी आयुष्य वेचले. ५००० हून अधिक प्रयोग आणि सुमारे ८०० भूमिका त्यांच्या नावावर सांगितल्या जातात, आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या भागाची बोली आणि लोकरंगभूमी अभ्यासाच्या कक्षेत आणण्याचे मोठे काम डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केले.

मधल्या काळात मात्र पटच थांबला होता. जुलै २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने खेळ-प्रदर्शनासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतला जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती यांवर बंदी घातली. या बंदीमागची तक्रार खोटी नव्हती. तुतारीची, म्हणजे अणकुचीदार काठीची, टोचणी आणि शेपटीला पिळा हे प्रकार होत होते, आणि बैलावर माया करणाऱ्यांनाही ते ठाऊक होते. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी होते, काठी, चाबूक, टोचणी चालत नाही आणि धाव १००० मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही.

मधल्या त्या वर्षांनी एक गोष्ट सिद्ध केली. पट बंद होता, तरी मंडईच्या निमित्ताने नाटके होतच राहिली. पटाचे बोट धरून वाढलेली रंगभूमी तोवर स्वतःच्या पायांवर उभी राहिली होती. गावाची नाळ नाटकाशी थेट जुळली होती, आणि कलावंतांची, वादकांची, मंडप घालणाऱ्यांची चूल त्यावर पेटत होती. २०२२ मध्ये तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ या सिनेमाने हे जग मोठ्या पडद्यावर नेले.

नाटकाकडून पटाची परतफेड मात्र अजून व्हायची आहे. नांगरणी, चिखलणी ट्रॅक्टरने होऊ लागली तशी दावणीची बैलजोडी कमी होत गेली, आणि पटाचा बैल सांभाळणे ही मोजक्या शौकिनांची महागडी हौस बनली. एकमेकांना वर्षानुवर्षे आव्हान देणाऱ्या जोड्या, त्यांचे मालक, धुरकरी आणि गाजलेल्या लढती यांची आठवण आज मुख्यतः म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे. जुनी पत्रके, बक्षिसांच्या याद्या, मंडळांच्या वह्या अजून काही घरांत मिळू शकतात. अर्जुनी मोरगावसारख्या तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना त्या शोधायला पाठवावे आणि जुन्या धुरकऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. वडशाच्या नाटककारांना त्यातून दोन जोड्यांच्या वैराचे अस्सल नाटक मिळेल, आणि ते लागेल तेव्हा खरी नावे ओळखणारे प्रेक्षक समोर बसलेले असतील.