आईवडील ऊसतोडीला गेले की शिष्यवृत्तीचा अर्ज का अडतो? बीडच्या विद्यार्थ्यांनी कोणती तयारी ठेवावी?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. कुणी कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे जातं, तर कुणी थेट कर्नाटकात. ती परत येतात मार्च-एप्रिलमध्ये. कॉलेजमधल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे आणि दुरुस्त करण्याचे महिनेही साधारण हेच. त्यामुळे योजनेत बसत असूनही काही जणांचा अर्ज एका कागदासाठी किंवा एका ओटीपीसाठी अडकून पडतो.

अर्ज नेमका कुठे अडतो?

राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. तो आधी कॉलेजच्या लॉगिनवर जातो, तिथे तपासणी झाली की संबंधित विभागाकडे. मंजुरीनंतर पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. यात तीन ठिकाणी अडचण येते.

१. ओटीपी: विद्यार्थ्याच्या आधारला वडिलांचा मोबाईल नंबर जोडलेला असेल तर ओटीपी उसाच्या फडात असलेल्या वडिलांच्या फोनवर जातो.
२. उत्पन्नाचा दाखला: तहसील कार्यालयाच्या या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. नवा काढताना तलाठ्याचा अहवाल, रेशन कार्ड आणि पालकांची कागदपत्रं लागतात.
३. बँक खातं: खातं नुसतं असून भागत नाही. ते आधारशी जोडलेलं आणि चालू असावं लागतं.

कोणाला काय मिळतं?

- अनुसूचित जाती: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. यात फी आणि निर्वाह भत्ता मिळतो. खात्यावर आलेल्या रकमेत फीचा भाग असेल तर तो कॉलेजला भरावा लागतो.
- ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग: या प्रवर्गांसाठी वेगळी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फी सवलत आहे. बीडमधल्या ऊसतोड कामगारांत मोठ्या संख्येने असलेला वंजारी समाज भटक्या जमाती (ड) मध्ये येतो.
- खुला प्रवर्ग: उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. यात साधारणपणे निम्मं शिक्षण शुल्क मिळतं.
- मुली: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के मिळतं. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही.

योजनेत बसणाऱ्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण शिक्षण शुल्क घेऊ नये, अशा सूचना शासनाने कॉलेजांना दिलेल्या आहेत.

राहण्या-जेवणाच्या खर्चाचं काय?

घर बंद करून आईवडील गेले की शिकणाऱ्या मुलापुढे फीइतकाच राहण्याचा प्रश्न असतो. त्यासाठी या योजना आहेत.

- संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना: खास ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये मंजूर झाली. ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक अशी ८२ वसतिगृहं, प्रत्येकी १०० जागा, अशी ही योजना आहे. आईवडील ऊसतोड कामगार असल्याचा पुरावा म्हणून ग्रामसेवकाकडून मिळणारं ओळखपत्र कामी येतं.
- डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना: अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर थेट रक्कम मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणी ती वर्षाला ४३ हजार रुपये आहे: भोजन २५ हजार, निवास १२ हजार, निर्वाह ६ हजार. पुणे-मुंबईसारख्या मोठ्या शहरांत ६० हजार.
- ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना: याच धर्तीवर ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी. प्रत्येक जिल्ह्यात ६०० विद्यार्थ्यांना लाभ मिळतो.

शासकीय वसतिगृहात जागा मिळाली असेल तर स्वाधार किंवा आधारची रक्कम मिळत नाही.

आईवडील गावात असतानाच काय उरकावं?

- आधार केंद्रावर जाऊन विद्यार्थ्याच्या आधारला त्याचा स्वतःचा मोबाईल नंबर जोडून घ्यावा.
- आपले सरकार सेवा केंद्रातून उत्पन्नाचा दाखला काढावा.
- जातीचा दाखला आणि रहिवासी दाखला तपासावा. व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जात पडताळणीचाही.
- ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र घ्यावं.
- रेशन कार्ड आणि आईवडिलांच्या आधारची प्रत घरी ठेवून घ्यावी. रेशन कार्ड सोबत नेणार असतील तर त्याचा स्पष्ट फोटो तरी काढून ठेवावा.

अर्ज भरल्यावर

अर्ज भरला म्हणजे काम संपलं असं नाही. त्रुटी निघाली तर तो विद्यार्थ्याच्या लॉगिनवर परत येतो आणि मुदतीत दुरुस्त केला नाही तर तिथेच थांबतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी स्थिती पाहावी. कॉलेजकडेच अर्ज पडून असेल तर शिष्यवृत्ती विभागातल्या क्लार्कला अर्ज क्रमांक दाखवून विचारावं. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो, तो आपोआप होत नाही. त्यामुळे पुढच्या दसऱ्याआधीही ही यादी एकदा तपासावी लागेल.