गोगलगाय आणि पोटांत पाय

ही म्हण आपण साळसूद दिसणाऱ्या माणसाविषयीं योजितों. परंतु एका खऱ्या गोगलगाईच्या इतिहासासहि ती लागू पडते. बंगालच्या मुलकी नोकरींतील विल्यम बेन्सन हे शंखशिंपल्यांचे मोठे व्यासंगी. त्यांनीं १८४७ सालीं मॉरिशसहून आफ्रिकेंतील शंखी गोगलगाई कलकत्त्यास आणिल्या व चौरंगीवरील बागेंत त्या सुटल्या. हाच प्राणी मनुष्याच्याच हातून देशोदेशीं पसरला आणि १९६७ सालीं पॅसिफिक महासागरांतील ताहिती बेटावर पोहोंचला.

तेथें पिकांची नासाडी होऊं लागली, तेव्हां कांट्यानें कांटा काढावा या न्यायानें गोगलगाई खाणारी फ्लोरिडांतील एक गोगलगाय १९७४ सालीं ताहितींत व १९७७ सालीं शेजारच्या मूरेआ बेटावर सोडण्यांत आली. तिनें झाडांवरील पार्टुला नांवाच्या चिमुकल्या गोगलगाईच फस्त केल्या. या बिचाऱ्या जेमतेम दोन सेंटीमीटर लांबीच्या. पिकांस त्यांचा कांहींच उपद्रव नव्हता. उलट दरीदरींतून त्यांच्या रंगरूपांत पडणारा भेद मोजून हेन्री क्रॅम्प्टन या अमेरिकन पंडितानें उत्क्रांतीच्या अभ्यासांत मोलाची भर घातली होती. मूरेआवरील पार्टुलाच्या सातहि जाती १९८७ पर्यंत अरण्यांतून नाहींशा झाल्या.

सुदैवानें कांहीं गोगलगाई तत्पूर्वींच उचलून लंडन, जर्सी, एडिंबरो इत्यादि ठिकाणच्या प्राणिसंग्रहालयांत नेल्या होत्या. तेथें त्यांची पिढ्यानुपिढ्या पैदास झाली. हा मार्गहि निर्धोक नव्हता. पार्टुला टर्जिडा या जातीची अखेरची गोगलगाय १९९६ च्या जानेवारींत लंडन येथें मेली, आणि तो वंश बुडाला. उरलेल्यांस स्वस्थानीं सोडण्यास २०१५ पासून आरंभ झाला. सोडतांना प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा ठिपका देतात. २०२४ सालीं मूरेआवर पार्टुला तोहिव्हिआना जातीच्या बिनठिपक्याच्या प्रौढ गोगलगाई आढळल्या. अर्थात् त्या तेथेंच जन्मल्या होत्या!

हा वृत्तांत आम्हां नागपूरकरांस परका वाटण्याचें कारण नाहीं. त्याच शंखी गोगलगाईनें २०२२ च्या पावसाळ्यांत लातूर, बीड आदि जिल्ह्यांतील कोवळें सोयाबीन खाऊन टाकिलें. आणि सोयाबीन आमच्या विदर्भाचेंहि पीक आहे. गोगलगाई हातानें वेंचून मिठाच्या पाण्यांत टाकण्याचा उपाय कष्टाचा. म्हणून एखादा परदेशी भक्षक आणावा, असा मोह उद्यां कोणासहि होईल. त्या वेळीं मूरेआचें स्मरण ठेवावें. तेथें दहा वर्षांत जें गेलें, त्यांतील थोडेंसें परत आणावयास जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं.