बोरू, टांक आणि लिहिणारा हात

जुन्या संस्कृत पोथ्यांच्या शेवटीं नकलकाराचा एक ठराविक श्लोक पुष्कळदां आढळतो. पाठ, कंबर व मान मोडून, दृष्टि खिळवून, तोंड खालीं घालून हा ग्रंथ मोठ्या कष्टानें लिहिला आहे, तरी तो जपून ठेवावा, अशी त्यांत वाचकास विनंति असते. कांहीं पोथ्यांत ह्या श्लोकाचा पाठ थोडा निराळा आहे; तेथें मूठ आवळल्याचाही उल्लेख येतो. राजांच्या स्वाऱ्यांचा आणि तहांचा इतिहास सारेच सांगतात. परंतु ते तह ज्यांनीं कागदावर उतरविले, त्यांच्या मनगटांचा इतिहास सहसा कोणी सांगत नाहीं. ह्या आवळलेल्या मुठींत त्या इतिहासाचें सूत्र सांपडतें.

भोगावतीच्या कांठचें पेण आणि कुंडलिकेच्या कांठचें रोहें हीं जुन्या कुलाबा जिल्ह्यांतलीं गांवें. १९८१ सालीं ह्या जिल्ह्याचें नांव रायगड झालें. भात आणि मीठ हें ह्या मुलखाचें धन. जेथें माल मोजला जातो तेथें तो लिहिलाही जातो, आणि म्हणून लेखणीवर चरितार्थ चालविणारीं घराणीं ह्या भागांत पिढ्यान् पिढ्या नांदलीं. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंची येथील वस्ती जुनी, आणि लेखन हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे ह्याच ज्ञातींतले. १६८१ सालीं रोह्याशेजारच्या सुधागडाच्या परिसरांत संभाजी महाराजांच्या आज्ञेनें त्यांचा अंत झाला. मोडीच्या शिवकालीन वळणास आजही चिटणिशी हेंच नांव आहे.

मोडी ही घाईची लिपि. कारकून प्रथम कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखालीं, शक्य तों हात न उचलतां, अक्षरें जोडीत जाई. बाळबोधींत प्रत्येक अक्षरास लेखणी उचलावी लागते, पुन्हां टेकवावी लागते. मोडींत ती वाहत राहते. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे हजारों रुमाल सांठलेले आहेत. एवढें लेखन ज्या हातांनीं केलें, त्यांचे श्रम ह्या वाहत्या वळणानें कांहीं अंशीं तरी हलके केले असले पाहिजेत.

लिपीइतकेंच महत्त्व साधनाला आहे. बोरू म्हणजे एक साधी पोकळ काडी. तिचें टोंक तिरपें तासून मध्यें चीर पाडलेली. तिचा गुण असा, कीं ती दाब सहन करीत नाहीं. जोर केला कीं चीर फांकते, शाई सांडते, अक्षर बिघडतें. शिवाय बोरूचें टोंक रुंद असल्यामुळें जाड आणि बारीक रेघ केवळ दिशा बदलल्यानें उमटते. त्यासाठीं बोटांनीं दाबावें लागत नाहीं. बोरूनें लिहिणाऱ्या मुलाला हात हलका ठेव असें सांगणारा गुरु त्याच्या हातांतच असे. टोंक झिजलें म्हणजे लेखणी पुन्हां तासावी लागे, आणि तेवढा वेळ बोटांना विसांवा मिळे.

समर्थ रामदासांनीं हा विषय क्षुल्लक मानला नाहीं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास सबंध लेखनक्रियेवर आहे. आणि ज्या शिवथरघळींत त्या ग्रंथाचें लेखन झालें असें परंपरा सांगते, ती घळही ह्याच जिल्ह्यांत, महाडच्या बाजूस आहे. अक्षर वाटोळें, सरळ व मोकळें असावें, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकाच टांकानें लिहिल्यासारखें दिसावें, असें समर्थ सांगतात. त्यांत एक फार व्यवहारी सूचना आहे: तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, कारण म्हातारपणीं तें कामास येत नाहीं. ही सूचना डोळ्यांसाठीं खरी. पण बारीक अक्षर काढतांना बोटें अधिक आवळावीं लागतात, म्हणून ती हातालाही तितकीच हितकर आहे.

युरोपांत ह्या दुखण्याची पहिली नीट नोंद इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामात्सिनी यानें केली. कारागिरांच्या रोगांवरील त्याचा ग्रंथ १७०० सालीं निघाला, आणि १७१३ च्या आवृत्तींत त्यानें लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरण घातलें. त्यानें तीन कारणें दिलीं: सतत बसणें, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल, आणि चूक होऊं नये म्हणून मनावर पडणारा ताण. त्याच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला; तो डाव्या हातानें लिहूं लागला, तर कांहीं काळानें त्या हातासही तेंच दुखणें जडलें.

एकोणिसाव्या शतकांत बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी टांक निघूं लागले आणि कचेऱ्यांतून पसरले. टोंकदार टांकानें जाड रेघ काढावयाची तर दाब द्यावा लागे. त्या काळच्या कित्येकांनीं कारकुनांच्या आखडणाऱ्या बोटांचा दोष ह्या टांकालाच दिला. लंडनचे मज्जारोगतज्ज्ञ विल्यम गावर्स यांनीं त्याहून खोल पाहिलें. जे मनगट वा करंगळी टेकून केवळ बोटांनीं लिहितात, त्यांना हा विकार गांठतो. जे खांद्यापासून सबंध हात हलवून लिहितात, त्यांना तो बहुधा होत नाहीं, असें त्यांचें निरीक्षण होतें.

थोरांचे हातही ह्यांतून सुटले नाहींत. १९०९ च्या नोव्हेंबरांत गांधीजींनीं किल्डोनन कॅसल ह्या आगबोटीवर ‘हिंद स्वराज्य’ दहा दिवसांत लिहून काढलें; उजवा हात थकला तेव्हां सुमारें चाळीस पृष्ठें त्यांनीं डाव्या हातानें लिहिलीं. पेण तालुक्यांतील गागोदें येथें जन्मलेल्या विनोबांनीं १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर प्रवचनें दिलीं. तीं साने गुरुजींनीं हातानें टिपून घेतलीं म्हणूनच महाराष्ट्राच्या घरोघरीं पोंचलीं. रोह्यांत ज्यांचें बालपण गेलें ते चिंतामणराव देशमुख १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. त्यांची सही असंख्य नोटांवर उमटली. पण ती उमटविणारें यंत्र होतें. हाताचें काम यंत्रानें घेतल्याचें याहून चांगलें उदाहरण कोणतें?

तरीही लेखन संपलेलें नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी व्यवहारांतून गेली, बोरू गेला. १९३८ सालीं लास्लो बिरो यानें पेटंट घेतलेलें गोळीचें पेन सर्वत्र आलें. हें पेन दाबल्यावांचून नीट उठत नाहीं आणि कितीही दाबलें तरी तक्रार करीत नाहीं. बोरू जी शिस्त आपोआप लावी, ती आतां प्रत्येकानें स्वतः लावून घेतली पाहिजे. तीन तासांची उत्तरपत्रिका लिहिणारा विद्यार्थी हा त्या जुन्या कारकुनाचाच वारस आहे.

ती शिस्त कठीण नाहीं. लेखणी बेताची जाड व सहज शाई सोडणारी असावी, आणि दुसऱ्यानें ओढल्यास हातांतून निसटेल इतकी सैल धरावी. कोपरापुढचा हात मेजावर टेकलेला, कागद किंचित् तिरपा, खांदे मोकळे असावेत. ओळ पुढें जाईल तसा सबंध हात सरकवावा. थोड्याथोड्या वेळानें लेखणी खालीं ठेवून बोटें उघडावीं. दुखूं लागेपर्यंत थांबूं नये. थकवा विश्रांतीनें जातो. पण बोटांना वारंवार मुंग्या येत असतील, किंवा इतर कामें नीट होत असून केवळ लिहितांनाच बोटें वाकडीं होत असतील, तर तो आळस नव्हे आणि हट्टानें अधिक लिहिणें हा त्यावर उपाय नव्हे. मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या आज्ञांत बिघाड होऊन असा विकार होतो, हें आतां वैद्यकास ठाऊक आहे. अशा वेळीं वैद्याकडेच जावें.

पोथीच्या शेवटीं नकलकारानें ग्रंथ जपण्याची विनंति केली. ज्या हातानें तो लिहिला, त्यासाठीं कांहींच मागितलें नाहीं. घरांतलें मूल लिहितांना बोटें चोळूं लागलें, तर त्याच्या अक्षरावर रागावण्यापूर्वीं वडील माणसांनीं त्याची मूठ पाहावी. ती आवळलेली असेल, तर प्रथम ती सोडवावी. अक्षर मागाहून सुधारतें.