‘हमी’ म्हणजे काय?

मैत्रिणींनो, ‘रोजगार हमी योजना’ हे लांबलचक नाव. कचेरीनं त्याचं ‘रोहयो’ केलं. आपल्या बोलण्यात उरली नुसती ‘हमी’. ‘हमीवर चाललेय’ म्हटलं की खोरं-पाटी डोळ्यांपुढे येते.

वि. स. पागे यांनी सुचवलेली ही योजना राज्यानं १९७२ साली हाती घेतली. १९७७ मध्ये कायदा झाला: मागणी केल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. दुष्काळी काम सरकार काढील तेव्हा मिळायचं. हमीचं काम आपण मागायचं. नाव आखूड करताना बायांनी नेमका हक्काचा शब्द राखला.

म्हणून आम्ही गटात सांगतो, मागणी अर्जाची तारखेसह पोच घ्या. पोच नसेल, तर दिवस मोजायचे कुठून?