वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील हॉटेले

वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील हॉटेले ही अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, ओरलँडो शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन संकुलाच्या आवारातील निवासव्यवस्था होय. सुमारे २५,००० एकरांच्या या संकुलात मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम हे चार थीम पार्क आहेत. डिस्ने कंपनी स्वतः चालवत असलेल्या येथील हॉटेलांची संख्या वीसहून अधिक असून त्यांची विभागणी मुख्यतः व्हॅल्यू (किफायतशीर), मॉडरेट (मध्यम) आणि डिलक्स (उच्च) अशा तीन श्रेणींत केली जाते. एकाच आवारात, एकाच मालकाच्या हॉटेलांत उतरलेल्या दोन कुटुंबांचे अनुभव मात्र फार वेगळे असू शकतात. हा फरक खोलीतील सोयींपेक्षा उद्यानाच्या दारापर्यंत पोहोचण्यास लागणाऱ्या वेळात अधिक असतो.

इतिहास

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १९५५ साली डिस्नेलँड सुरू झाले, तेव्हा हॉटेल बांधण्याइतका पैसा वॉल्ट डिस्ने यांच्यापाशी उरला नव्हता. शेजारचे डिस्नेलँड हॉटेल दूरचित्रवाणी निर्माते जॅक रॅदर यांनी बांधले आणि ते डिस्ने कंपनीच्या ताब्यात येण्यास १९८८ साल उजाडावे लागले. उद्यानाभोवती इतरांची मोटेले उभी राहिली व पाहुण्यांच्या मुक्कामाचा पैसा त्यांच्याकडे गेला. फ्लोरिडात एवढी अफाट जमीन घेण्यामागे हा अनुभवही होता.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी मॅजिक किंगडमबरोबरच कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन व्हिलेज ही दोन हॉटेले सुरू झाली. कंटेम्पररीच्या खोल्या पोलादी चौकटीत, नळजोडण्या व दिव्यांसह, जवळच तयार करून क्रेनने इमारतीच्या सांगाड्यात बसवण्यात आल्या होत्या. इमारतीच्या पोटातून मोनोरेल जाते. आतल्या भव्य दालनात मेरी ब्लेअर या चित्रकर्तीचे ९० फूट उंचीचे टाइल्सचे भित्तिचित्र आहे. त्यातील पाच पायांची बकरी शोधणे हा मुलांचा आवडता उद्योग असतो. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी आपण लबाड नसल्याचे नोव्हेंबर १९७३ मध्ये सांगितले ते याच हॉटेलात, तर बीटल्स या संगीतसमूहाच्या विसर्जनाच्या कागदपत्रांवर जॉन लेनन यांनी डिसेंबर १९७४ मध्ये सही केली ती पॉलिनेशियनमध्ये.

पुढील दशकभर हॉटेलांत फारशी भर पडली नाही. १९८४ साली मायकेल आयस्नर कंपनीच्या प्रमुखपदी आल्यावर बांधकामांना वेग आला. १९८८ साली व्हिक्टोरियन शैलीचे ग्रँड फ्लोरिडियन आणि मध्यम श्रेणीतील पहिले कॅरिबियन बीच ही हॉटेले उघडली. त्यानंतर रॉबर्ट ए. एम. स्टर्न, मायकेल ग्रेव्हज यांसारख्या नामवंत वास्तुविशारदांना कामे मिळाली. ग्रेव्हज यांची स्वान आणि डॉल्फिन (१९९०) ही हॉटेले आवारात असली तरी डिस्नेकडून चालवली जात नाहीत. १९९४ साली ऑल-स्टार या नावाने किफायतशीर हॉटेलांची मालिका सुरू झाली आणि एरवी आवाराबाहेरच्या मोटेलात उतरणारा वर्ग प्रथमच आत आला.

श्रेणी आणि खोल्या

किफायतशीर हॉटेलातील साधी खोली सुमारे २६० चौरस फुटांची असते. मध्यम श्रेणीत ती तीनशेहून थोडी अधिक, तर उच्च श्रेणीत बहुधा साडेतीनशे ते साडेचारशे चौरस फुटांपर्यंत असते. पहिल्या दोन श्रेणींत खोलीचे दार बहुधा उघड्या सज्जात, क्वचित थेट अंगणात उघडते. उच्च श्रेणीत ते बंदिस्त, वातानुकूलित मार्गिकेत उघडते. कागदावर किरकोळ वाटणारा हा भेद झोपेच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. ऑल-स्टार हॉटेलांत शालेय क्रीडासंघ व वाद्यवृंद मोठ्या संख्येने उतरतात, आणि सज्जातून धावणाऱ्या पावलांचा आवाज थेट खोलीत येतो.

सजावटीतही श्रेणीभेद दिसतो. पॉप सेंच्युरी (२००३) या हॉटेलात इमारतींएवढे यो-यो, बोलिंगच्या बाटल्या आणि रुबिकचा घन उभे आहेत. उच्च श्रेणीत सजावट वास्तूतच मुरलेली असते; वाइल्डरनेस लॉजचे (१९९४) लाकडी ओंडक्यांचे उंच दालन हे त्याचे उत्तम उदाहरण. मुलांना अनेकदा पहिला प्रकारच अधिक भावतो, त्यामुळे महाग तेच रम्य असे येथे सरसकट म्हणता येत नाही. मोठ्या कुटुंबांसाठी आर्ट ऑफ ॲनिमेशन (२०१२) मधील सहा जणांची, दोन न्हाणीघरांची दालने सोयीची आहेत.

एकाच हॉटेलातही खोलीनुसार अनुभव पालटतो. ॲनिमल किंगडम लॉज (२००१) या हॉटेलाच्या गवताळ मैदानावर जिराफ, झेब्रे व इतर आफ्रिकी प्राणी चरत असतात. मैदानाकडे तोंड असलेल्या खोलीतील पाहुणा सकाळी सज्जात बसून जिराफ पाहतो. स्वस्त खोली घेतलेल्याला सज्जातून वाहनतळ दिसण्याचा संभव असतो आणि प्राणी पाहण्यासाठी खाली उतरावे लागते. येथील ‘सना’ या उपाहारगृहात नान व तऱ्हेतऱ्हेच्या चटण्यांचे ताट मिळते, ही बाब भारतीय प्रवाशांना उपयोगी पडावी.

वाहतूक आणि वेळ

कंटेम्पररीतून मॅजिक किंगडमपर्यंत दहा-एक मिनिटांत चालत जाता येते. ग्रँड फ्लोरिडियन आणि पॉलिनेशियन ही हॉटेलेही मोनोरेलच्या मार्गावर आहेत. यॉट क्लब, बीच क्लब व बोर्डवॉक येथून एपकॉटच्या मागील दारापर्यंत पायी पोहोचता येते. लहान मूल दुपारी पेंगुळले तर या हॉटेलांतील पालक त्याला खोलीवर नेऊन निजवतात व संध्याकाळी पुन्हा उद्यानात येतात. ऑल-स्टारमधील पालकांना त्यासाठी दोन्ही वेळा बसची वाट पाहावी लागते. त्यामुळे पुष्कळजण परततच नाहीत आणि रात्री आतषबाजी संपल्यावर झोपलेले मूल खांद्यावर घेऊन बसच्या रांगेत उभे राहतात. उच्च श्रेणीचे भाडे ज्यासाठी मोजले जाते, ते बव्हंशी हेच.

मात्र किंमत आणि जवळीक यांची सांगड सर्वत्र बसत नाही. ॲनिमल किंगडम लॉज महाग असूनही तेथून चारही उद्यानांना बसनेच जावे लागते. उलट २९ सप्टेंबर २०१९ रोजी स्कायलायनर ही रोपवे सेवा सुरू झाल्यापासून पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन या स्वस्त हॉटेलांतून एपकॉट व हॉलिवूड स्टुडिओज गाठणे सुकर झाले. तिच्या पाळण्यांत वातानुकूलन नाही आणि विजा चमकू लागल्या की सेवा थांबते. फ्लोरिडातील उन्हाळ्यात हा प्रसंग वारंवार येतो.

सवलती

आवारात राहणाऱ्या सर्वांना उद्यानात इतरांपेक्षा अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. काही ठरावीक रात्री उद्यान दोन तास अधिक उघडे राहते, ते प्रामुख्याने उच्च श्रेणीतील पाहुण्यांसाठी. रांग टाळण्याचे ‘लाइटनिंग लेन’ हे सशुल्क पास हॉटेलातील पाहुण्यांना सात दिवस, तर बाहेरच्यांना तीन दिवस आधी घेता येतात. पूर्वी मोफत असलेल्या काही सोयी बंद झाल्या आहेत. विमानतळावरून मोफत आणणारी मॅजिकल एक्सप्रेस ही बससेवा २००५ ते २०२१ या काळात चालली. सामान परस्पर खोलीत पोहोचवणारी ही सेवा विशेष लोकप्रिय होती. २०१८ साली पाहुण्यांच्या मोटारींवर लावलेले रात्रीचे वाहनतळशुल्क जानेवारी २०२३ मध्ये रद्द झाले.

याच शहरातील युनिव्हर्सल ओरलँडो या प्रतिस्पर्धी संकुलाचे धोरण अधिक उघड आहे. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तिथल्या महागड्या हॉटेलांतील पाहुण्यांना जुन्या दोन उद्यानांत बहुतेक खेळांची रांग टाळण्याचा पास विनामूल्य मिळतो. एका रात्रीच्या मुक्कामावर येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस तो चालत असल्याने, गर्दीच्या हंगामात चार जणांच्या कुटुंबाला महाग खोली प्रत्यक्षात स्वस्त पडू शकते.

गॅलॅक्टिक स्टारक्रूझर

१ मार्च २०२२ रोजी सुरू झालेले हे १०० खोल्यांचे हॉटेल ‘स्टार वॉर्स’ चित्रपटमालिकेवर आधारित होते. दोन रात्रींच्या ठरावीक मुक्कामात पाहुणे अवकाशयानातील प्रवासी होत आणि नटांसमवेत कथानकात भाग घेत. खिडक्यांच्या जागी अंतराळाचे दृश्य दाखवणारे पडदे होते. पोहण्याचा तलाव नव्हता. दोघांचे भाडे सुमारे ४,८०० डॉलरपासून सुरू होत असे. नाट्याला प्रशंसा लाभली, परंतु एवढे भाडे देणारे पाहुणे पुरेसे मिळाले नाहीत आणि ३० सप्टेंबर २०२३ रोजी हॉटेल बंद झाले.

इतरत्र

फ्लोरिडाचा कित्ता पॅरिसमध्ये तितकासा यशस्वी झाला नाही. १९९२ साली तेथे उद्यानासोबत एकदम सहा हॉटेले उघडण्यात आली. सुमारे ५,२०० खोल्या तयार होत्या. परंतु पॅरिस शहर जवळ असल्याने अनेकजण सकाळी येऊन रात्री परतत, आणि पहिल्याच हिवाळ्यात न्यूपोर्ट बे क्लब हे हॉटेल तात्पुरते बंद ठेवावे लागले. महाराष्ट्रात खोपोलीजवळील इमॅजिका (२०१३) या उद्यानाने उलट क्रम धरला. मुंबई व पुणे या दोन्ही शहरांतून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या या उद्यानाशेजारी नोव्होटेल इमॅजिका हे हॉटेल २०१५ साली, उद्यानाचा जम बसू लागल्यावर सुरू झाले.