समुद्राविना पुळण

ऑलिंपिकमध्ये 'बीच व्हॉलीबॉल' प्रथम खेळला गेला तो १९९६ साली, अटलांटा येथे. आपण नकाशा उघडून पाहू. सामने झाले ते अटलांटाच्या दक्षिणेस असलेल्या जोन्सबरो गावी, आणि तेथून समुद्र ३०० किलोमीटरहून अधिक दूर! नावात किनारा, प्रत्यक्षात आणून ओतलेली वाळू. पुढे लंडनला (२०१२) सरे परगण्यातील वाळू थेट राजधानीतील संचलनाच्या मैदानावर पसरली गेली. या खेळाला समुद्र लागत नाही, वाळू मात्र लागते. तीही कोणतीही चालत नाही.

मूळ व्हॉलीबॉल विल्यम मॉर्गन यांनी १८९५ साली मॅसॅच्युसेट्समधील होलिओक येथे, व्यायामशाळेच्या छपराखाली सुरू केला. पुढे कॅलिफोर्नियातील सांता मोनिकाच्या पुळणीवर, १९३० च्या सुमारास, दोन-दोन खेळाडूंचे सामने होऊ लागले. येथे थोडे गणित करू. अटलांटात मैदानाची एक बाजू ९ × ९ म्हणजे ८१ चौरस मीटर होती. सहा जणांच्या खेळात प्रत्येकाच्या वाट्याला साडेतेरा चौरस मीटर येतात, येथे साडेचाळीस. (नंतर मैदान १६ × ८ मीटर झाले, तरी वाटा ३२ राहिलाच.) आणि हे सारे पाय रुतणाऱ्या जमिनीवर!

पाय रुततो म्हणजे काय होते? उडी मारताना आपण जमिनीला खाली रेटतो. फरशी हलत नाही, त्यामुळे स्नायूंचे बहुतेक कार्य शरीर वर उचलण्यात खर्ची पडते. वाळूचे कण मात्र सरकतात, एकमेकांवर घासतात, आणि ती ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ साली मोजून दाखवले, की वाळूत धावताना सुमारे १.६ पट, तर चालताना २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. धावण्यापेक्षा चालण्यालाच दंड जास्त, हे आम्हांला विशेष वाटले.

उडीचे भांडवल असे घटले, की अंदाजाला किंमत येते. १९८४ आणि १९८८ साली सहा जणांच्या संघातून सुवर्णपदक मिळवलेले कार्च किराली यांनी अटलांटात केंट स्टेफेस यांच्यासह तिसरे सुवर्ण जिंकले, तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. महिलांच्या अंतिम सामन्यात दोन्ही जोड्या ब्राझीलच्या. जॅकी सिल्वा आणि सांड्रा पिरेस जिंकल्या, आणि ब्राझीलच्या महिलांना ऑलिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

खेळासाठी वाळू किमान ४० सेंटिमीटर खोल हवी, आणि त्यात खडे, शंख-शिंपले नकोत. गाळ धुऊन काढावा लागतो, नाहीतर धूळ उडते आणि अंगाला चिकटते. मग खरा किनाराच का घेऊ नये? सिडनीने २००० साली बाँडायचा घेतला. तेथे सुमारे दहा हजार प्रेक्षकांचे तात्पुरते स्टेडियम उभे राहिले, आणि सर्वांच्या पुळणीचा तुकडा अडवला म्हणून रहिवाशांनी विरोध केला. तो आम्हांला रास्त वाटतो. टोकियोत (२०२१) वाळू उन्हाने इतकी तापली, की पाणी मारावे लागले.

शाळेत लांब उडीचा खड्डा असेलच. भिंतीशेजारी फरशीवर आणि खड्ड्यात रोवलेल्या फळीशेजारी, खडू लावलेल्या बोटांनी मुलांना जागच्या जागी उड्या मारायला सांगावे. उभ्याने हात पोचतो ती खूण आणि उडीची खूण यांतील अंतर मोजावे. मग वाळू भिजवून पुन्हा मोजावे.