प्राचीन ग्रीक फलज्योतिष : उगम आणि तत्त्वे

प्रस्तावना :
जन्मकालीन ग्रहस्थितीवरून व्यक्तीचे भवितव्य वर्तविणाऱ्या फलज्योतिषाचे जनकत्व सामान्यतः ग्रीकांकडे दिले जाते. वस्तुतः बॅबिलोनिया, इजिप्त व ग्रीस या तीन परंपरांच्या संयोगातून ते आकारास आले.

उगम :
बॅबिलोनियात प्रारंभी आकाशातील शकुन मुख्यतः राजा व राज्य यांच्यासाठी पाहिले जात. इ.स.पू. पाचव्या शतकात राशिचक्राचे प्रत्येकी ३० अंशांचे १२ समान भाग कल्पिले गेले. व्यक्तीच्या जन्मकालीन ग्रहस्थितीची उपलब्ध सर्वांत जुनी नोंद इ.स.पू. ४१० मधील आहे. इ.स.पू. ३३१ मध्ये अलेक्झांडरने बॅबिलोन जिंकल्यानंतर या ज्ञानाचा ग्रीकांशी निकट संबंध आला. ग्रीक अमलाखालील इजिप्तमध्ये उदय पावणाऱ्या राशीला, म्हणजे लग्नाला, व त्यावरून ठरणाऱ्या १२ स्थानांना महत्त्व प्राप्त झाले.

तत्त्वे :
इ.स. दुसऱ्या शतकात क्लॉडियस टॉलेमीने ‘टेट्राबिब्लॉस’ या ग्रंथात या परंपरेस ॲरिस्टॉटलच्या निसर्गविचाराचे अधिष्ठान दिले. उष्ण, शीत, आर्द्र व शुष्क या गुणांवरून त्याने ग्रहांचे शुभाशुभत्व ठरविले. उष्णता व आर्द्रता जीवनपोषक असल्याने गुरू व शुक्र शुभ. अतिशीत शनी व अतिशुष्क मंगळ अशुभ मानले गेले. मात्र खगोलगणिताची निश्चितता फलकथनास नाही, हे त्यानेच मान्य केले. तत्पूर्वी इ.स.पू. ४४ च्या सुमारास सिसेरोने कॅनीच्या रणात मरण पावलेल्या सर्वांची जन्मस्थिती एकच होती काय, असा मर्मभेदी प्रश्न विचारला होता.

भारतीय संबंध :
केंद्र, पणफर, आपोक्लिम, द्रेष्काण, जामित्र या संस्कृत संज्ञा ग्रीक मूळ दर्शवितात. वराहमिहिराने ‘होरा’ शब्द ‘अहोरात्र’पासून आल्याचे एक मत नोंदविले असले, तरी त्याचे ग्रीक ‘होरा’शी साम्य स्पष्ट आहे. ‘यवनजातक’ ग्रंथाचे नावच या संपर्काचे द्योतक आहे. डेव्हिड पिंग्री यांनी त्याचा काळ इ.स. २६९-७० मानला, २०१३ मध्ये बिल मॅक यांनी हस्तलिखितांच्या फेरतपासणीतून ही कालनिश्चिती प्रश्नांकित केली. म्हणजे आदानाचा काळ वादग्रस्त आहे. आदान मात्र नाकारता येत नाही.

निष्कर्ष :
सारांश, फलज्योतिष ही कोणत्याही एका संस्कृतीची स्वतंत्र निर्मिती नव्हे. त्याच्या प्राचीनत्वावरून त्याची सत्यता सिद्ध होत नाही. तसेच त्याच्या असत्यतेमुळे त्याचे ऐतिहासिक मोलही कमी होत नाही. ग्रहांचे स्थान अचूक जाणण्याची गरज त्यानेच निर्माण केली व खगोलगणितास दीर्घकाळ आश्रय मिळवून दिला. इतिहासाच्या अभ्यासकाने हे दोन्ही निष्कर्ष वेगवेगळे ठेवणे आवश्यक ठरते.